नाव कुणाचं, नाद कुणाचा

१८९१ च्या जूनमध्ये चायकोव्हस्कीने आपला प्रकाशक युर्गेन्सन याला एक पत्र लिहिलं. पॅरिसमध्ये त्याच्या कानावर एक नवंकोरं वाद्य पडलं होतं. दिसायला लहानशा पियानोसारखं, पण आत तारांच्या जागी धातूच्या पट्ट्या, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याने श्वास रोखून धरावा. नाव सेलेस्टा. ते रशियात मागव, असं तो प्रकाशकाला सांगतो आणि वर बजावतो की कुणालाही दाखवू नकोस. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह यांना सुगावा लागला तर ते माझ्याआधी वापरून मोकळे होतील, ही त्याची धास्ती.

पन्नाशी ओलांडलेला, जगभर नावाजलेला संगीतकार एका पेटीसाठी एखाद्या व्यापाऱ्यासारखी गुप्तता पाळतो, याची मला नेहमी मौज वाटत आली आहे. पुढच्याच वर्षी डिसेंबरात ‘नटक्रॅकर’ हा बॅले रंगमंचावर आला. त्यातल्या शुगर प्लम परीच्या नाचातले थेंबाथेंबाने टपकणारे स्वर या पेटीचेच. ती पेटी घडवणाऱ्या ओग्युस्त म्युस्तेलने १८८६ साली पॅरिसमध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. (चायकोव्हस्कीची धास्ती तशी उशिराचीच होती. शोसाँ या फ्रेंच संगीतकाराने १८८८ मध्येच सेलेस्टा वापरून टाकला होता.) आज परीचा नाच ठाऊक असलेले लोक कोट्यवधी असतील. म्युस्तेलचं नाव त्यांतल्या किती जणांच्या कानावर आलं असेल?

हा प्रश्न कृतज्ञतेचा असता तर मी लेख लिहिण्याच्या भरीस पडलो नसतो. पडद्यामागच्या कलाकारांचे आभार मानायची आपली एक ठरलेली रीत आहे. शेवटी दोन ओळी म्हणायच्या, टाळ्या वाजवायच्या, पांगायचं. माझी तक्रार वेगळी आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा इतिहास ज्या पद्धतीने सांगितला जातो, ती पद्धतच सदोष आहे. त्यात माणसं गाळली जातात हा अन्याय आहेच, पण माणसं गाळल्यामुळे संगीत कसं घडलं हेच कळेनासं होतं, आणि ते नुकसान ऐकणाऱ्याचं आहे.

ही पद्धत कुणालाही ओळखू येईल. एका बाजूला थोरांची माळ: बाख, हायडन, मोझार्ट, बेथोव्हेन, ब्राह्म्स. प्रत्येकाचा जन्म, मृत्यू, दारिद्र्य किंवा बहिरेपण, आणि प्रमुख रचना. दुसऱ्या बाजूला वाद्यांचा तक्ता: तंतुवाद्यं, लाकडी सुषिर वाद्यं, पितळी वाद्यं, तालवाद्यं. चार चौकटी, प्रत्येकीत चित्रं. माळेत माणसं आहेत आणि सनावळी आहे. तक्त्यात दोन्ही नाहीत. जणू व्हायोलिन, बासरी, ट्रम्पेट हे सगळं सृष्टीच्या आरंभापासून तयार होतं आणि थोरांनी येऊन फक्त कागदावर स्वर मांडले.

ट्रम्पेटचंच घ्या. अठराव्या शतकातला ट्रम्पेट म्हणजे एक लांब, वळवलेली नळी. तिला ना भोकं, ना कळा, ना व्हॉल्व्ह (दाबली की नळीची लांबी बदलणारी झडप). वादक फक्त ओठांचा ताण बदलून स्वर काढणार. अशा नळीतून निसर्गनियमाने ठरावीक स्वरच निघतात, आणि खालच्या भागात त्यांच्यात मोठमोठी अंतरं असतात: सा, मग एकदम प, मग वरचा सा, मग ग. लागोपाठचे स्वर मिळू लागतात ते अगदी वर, जिथे वाजवणं जिवावरचं काम. म्हणून त्या काळच्या रचनांमध्ये ट्रम्पेट बहुधा टिंपनी या नगाऱ्यांच्या जोडीने ललकाऱ्या देतो. गाणं म्हणत नाही. संगीतकारांना सुचत नव्हतं म्हणून हे असं नव्हतं. नळीच तशी होती.

व्हिएन्नात आंटोन वाइडिंगर नावाचा एक दरबारी ट्रम्पेटवादक होता. त्याने ट्रम्पेटला भोकं आणि त्यांवर कळा बसवण्याचे प्रयोग चालवले आणि मधले गाळलेले स्वर मिळवले. हायडनने १७९६ साली त्याच्यासाठी कॉन्चेर्टो लिहिला, म्हणजे एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना. हायडन किती मिश्कील माणूस होता हे या रचनेत दिसतं. सुरुवातीला वाद्यवृंद वाजत असताना ट्रम्पेट मध्येच दोनचार स्वर वाजवतो. ते स्वर कुठल्याही जुन्या ट्रम्पेटवर निघतील असे, साधे. ऐकणाऱ्याला वाटावं, नेहमीचंच आहे. मग वाद्यवृंद बाजूला होतो आणि ट्रम्पेट त्याच्या मधल्या पट्टीत सलग पायऱ्या चढत एक साधी, गाती चाल सुरू करतो. १८०० सालच्या २८ मार्चला ज्यांनी ती पहिल्यांदा ऐकली त्यांच्यासाठी हे मुक्याला वाचा फुटण्यासारखं असणार. आज आपण तीच चाल ऐकतो आणि ती गोड वाटते, बस. विनोदातली खोच हरवली आहे, कारण ट्रम्पेटला तोवर काय येत नव्हतं हे आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. वाइडिंगर काढून टाकला की हायडनचा विनोदही कळत नाही.

त्या रचनेचं पुढे काय झालं? कळांच्या ट्रम्पेटचा आवाज जरा दबका होता. १८१८ मध्ये श्ट्योल्झेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी प्रशियात व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं, आणि हळूहळू कळांचा ट्रम्पेट अडगळीत गेला. त्याच्याबरोबर हा कॉन्चेर्टोही जवळपास शतकभर विस्मरणात गेला. हायडनसारखं नावही त्याला वाचवू शकलं नाही. आज तो प्रत्येक ट्रम्पेटवादकाला वाजवावा लागतो, पण वाजतो तो व्हॉल्व्हच्या ट्रम्पेटवर, म्हणजे ज्या दोघांची नावं तक्त्यात नाहीत त्यांच्या कृपेने.

वाइडिंगरने निदान एक वस्तू घडवली. वस्तू संग्रहालयात ठेवता येते. त्याहून अवघड गोष्ट वादकाच्या हातातल्या शोधांची. जुन्या हॉर्नलाही ट्रम्पेटसारखीच स्वरांची टंचाई होती. वादकांनी त्यावर तोडगा काढला तो असा की उजवा पंजा हॉर्नच्या रुंद तोंडात घालायचा आणि कमीजास्त झाकून मधले स्वर काढायचे. या शोधाचं पेटंट नाही, नमुना नाही, काचेच्या कपाटात ठेवायला काही नाही. फक्त एक पंजा. या कौशल्यात योझेफ लॉइटगेब वाकबगार होता. १७७० मध्ये पॅरिसच्या कॉन्सेर स्पिरितुएल या मैफलींत त्याने वाहवा मिळवली होती. मोझार्टचे हॉर्न कॉन्चेर्टो प्रामुख्याने त्याच्यासाठी आहेत. पण मोझार्टच्या चरित्रांत लॉइटगेब येतो तो बहुधा थट्टेचा विषय म्हणून, कारण मोझार्टने हस्तलिखितावर लिहून ठेवलं आहे की लॉइटगेब या गाढवाची, बैलाची, मूर्खाची आपण दया केली. दोन मित्रांमधली चेष्टा होती ती. दोनशे वर्षांनी चेष्टा तेवढी उरली आणि पंजा विसरला गेला.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणांत सर्वांत बोलकं प्रकरण व्हायोलिनवादक जॉर्ज ब्रिजटॉवरचं आहे. हे वाद्यवृंदातलं उदाहरण नाही, व्हायोलिन आणि पियानोच्या सोनाटाचं आहे, तरी ते इथे यायलाच हवं. ब्रिजटॉवरचे वडील आफ्रिकी वंशाचे होते. लहान वयातच तो इंग्लंडमध्ये नावारूपाला आला आणि तिथल्या युवराजाच्या आश्रयाला होता. १८०३ मध्ये तो व्हिएन्नात गेला आणि बेथोव्हेनशी त्याचं सूत जमलं. २४ मेच्या सकाळी दोघांनी एक नवा सोनाटा वाजवला. लिखाण इतकं घाईत झालं होतं की दुसरा भाग ब्रिजटॉवरला बेथोव्हेनच्या हस्तलिखितातून, ऐनवेळी वाचून वाजवावा लागला. पहिल्या भागात त्याने पियानोच्या एका झुळकीची नक्कल आपल्या मनाने व्हायोलिनवर केली, तेव्हा बेथोव्हेन उठला, त्याला मिठी मारली आणि पुन्हा एकदा होऊ दे म्हणाला. ही हकिकत ब्रिजटॉवरनेच पुढे सांगितली आहे.

मग दोघांचं बिनसलं. ब्रिजटॉवरच्या सांगण्यानुसार कारण एक तरुणी. १८०५ मध्ये सोनाटा छापला गेला तेव्हा अर्पणपत्रिकेवर पॅरिसच्या रोदोल्फ क्रॉइत्सरचं नाव होतं. क्रॉइत्सरने तो सोनाटा लोकांसमोर कधीच वाजवला नाही. त्याला तो पसंतच नव्हता. आणि तरी आज जगभर त्या रचनेला ‘क्रॉइत्सर सोनाटा’ म्हणतात. ज्याने वाजवला त्याचं नाव गेलं, ज्याने वाजवायला नकार दिला त्याचं नाव राहिलं. इतिहास कागदावरच्या नावाने चालतो हे मान्य करून मी विचारतो, की मग त्या कागदावर काय छापायचं हा निर्णय इतका सहजासहजी का घ्यावा?

असंच मेट्रोनोमचं, म्हणजे टकटक करून लय दाखवणाऱ्या यंत्राचं. स्वरलेखनात लयीच्या आकड्यामागे अजूनही कुठे कुठे दोन अक्षरं दिसतात, ‘एम. एम.’, म्हणजे मेल्त्सेलचा मेट्रोनोम. यंत्राची मूळ युक्ती ॲम्स्टरडॅमच्या विंकेलची, १८१४ ची. मेल्त्सेलने तिला आकड्यांची पट्टी जोडली, पेटंट काढलं, जगभर विकली. नंतर विंकेलच्या बाजूने निर्णय झाला, पण तोवर अक्षरं छापून झाली होती.

आता विरोधी पक्षाचं ऐकू. त्यांचं म्हणणं फुटकळ नाही.

ते म्हणतील, वाइडिंगरसारखे खटपटे शेकड्यांनी होते, हायडन एक. वाद्य म्हणजे साधन. साधन बदललं तरी प्रतिभा वाट काढते, आणि प्रतिभा नसेल तर साधन कितीही नवं असो, मुकंच राहतं. त्यांच्या हातात एक हुकमी पान आहे, ते म्हणजे आर्पेजिओने. १८२३ च्या सुमारास व्हिएन्नाच्या श्टाउफरने हे वाद्य बनवलं. गिटारसारख्या सहा तारा आणि पडदे, पण चेलोसारखं गजाने वाजवायचं. १८२४ मध्ये शूबर्टने त्यासाठी सोनाटा लिहिला. वाद्य काही वर्षांतच विसरलं गेलं. सोनाटा १८७१ मध्ये छापला गेला तेव्हा ते वाजवणारं कुणी उरलं नव्हतं. आणि तरी तो सोनाटा जिवंत आहे, चेलोवाले वाजवतात, व्हिओलावाले वाजवतात. रचना उरली, साधन गेलं. मग कुणाला मोठं म्हणायचं?

मला हे उदाहरण मान्य आहे. शूबर्ट श्टाउफरहून मोठा होता हे सांगायला मला वकील लागत नाही. पण हा सोनाटा चेलोवर वाजवणाऱ्याला विचारा. तो सांगेल की बोटं फार वर न्यावी लागतात, काही वळणं हाताला अडतात. ती अडचण कुठून आली? सहा तारांच्या वाद्यासाठी लिहिलेलं चार तारांवर वाजवण्यातून. वाद्य मेलं तरी रचनेच्या हाडांत ते आहे. आणि श्टाउफरने ते बनवलंच नसतं तर शूबर्टने त्या महिन्यात दुसरं काहीतरी लिहिलं असतं. कदाचित याहून चांगलं, पण हे नव्हे. माझा दावा एवढाच आहे. संगीतकार, कारागीर आणि वादक या तिघांपैकी मोठा कोण हे ठरवायचं नाहीये. तिघांमध्ये काय देवाणघेवाण झाली हे माहीत असल्याशिवाय रचनेचं स्पष्टीकरण अपुरं राहतं.

ब्राह्म्सचं उदाहरण तर सरळ आहे. १८९० मध्ये तो लेखणी खाली ठेवायच्या बेतात होता, तसं प्रकाशकाला कळवूनही झालं होतं. मग त्याने माइनिंगेनच्या वाद्यवृंदातल्या रिचर्ड म्यूलफेल्टचं क्लॅरिनेट मन लावून ऐकलं. म्यूलफेल्ट त्या वाद्यवृंदात आला होता व्हायोलिनवादक म्हणून. क्लॅरिनेट तो आपलं आपण शिकला. १८९१ मध्ये ब्राह्म्सने त्याच्यासाठी एक ट्रायो (तीन वाद्यांची रचना) आणि एक क्विंटेट (पाच वाद्यांची) लिहिला, १८९४ मध्ये दोन सोनाटा. वादक नसता तर ब्राह्म्सच्या उतारवयातलं हे सगळं नसतं. यात ‘प्रतिभा वाट काढते’ हे कुठे बसवायचं?

दुसरा आक्षेप मला जास्त अडचणीचा वाटतो, कारण तो माझ्याच बाजूच्या लोकांकडून येतो. कारागिरांचं नाव होत नाही म्हणता, मग स्ट्रॅडिव्हारीचं काय? क्रेमोनाच्या या माणसाचं नाव ज्याने आयुष्यात व्हायोलिन हातात धरलं नाही त्यालाही ठाऊक असतं. त्याची सुमारे साडेसहाशे वाद्यं आज शिल्लक आहेत. त्यांतलं ‘लेडी ब्लंट’ हे १७२१ चं व्हायोलिन २०११ मध्ये जपानच्या भूकंपग्रस्तांसाठी लिलावात निघालं तेव्हा १ कोटी ५९ लाख डॉलरना गेलं. ‘मेसाया’ हे १७१६ चं व्हायोलिन ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात काचेआड आहे, आणि ते वाजवलं जात नाही.

नेमकं हेच मला नको आहे. थोरांच्या माळेत आणखी एक मणी ओवून प्रश्न सुटत नाही, तोच दोष दुसऱ्या नावाने परत येतो. स्ट्रॅडिव्हारीचं व्हायोलिन म्हणून आज जे वाजतं त्यात स्ट्रॅडिव्हारी किती आहे? त्याच्या जवळजवळ सगळ्या व्हायोलिनच्या माना नंतरच्या काळात बदलल्या गेल्या, लांब केल्या, मागे कलवल्या. आतली आधारपट्टी काढून जाडजूड बसवली. आतड्याच्या तारा जाऊन पोलाद आलं. हनुवटी टेकायची वाटी १८२० च्या सुमारास श्पोर या व्हायोलिनवादकाने आणली. मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा जो आवाज आपण ‘क्रेमोनाचं रहस्य’ म्हणून डोळे मिटून ऐकतो, त्यात या दुरुस्तीवाल्यांचा मोठा वाटा आहे. त्यांची नावं बहुतेक कुणी टिपून ठेवली नाहीत.

आणि रहस्य तरी आहे का? २०१० मध्ये इंडियानापोलिस इथे २१ व्हायोलिनवादकांच्या डोळ्यांवर काळे चश्मे चढवून त्यांना जुनी आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली. सर्वांत नापसंत ठरलं ते एक स्ट्रॅडिव्हारीचं, आणि बहुतेकांनी घरी न्यायला नवंच निवडलं. नंतर फ्रान्समध्ये दहा नामांकित एकल वादकांना घेऊन तसाच प्रयोग झाला, तिथेही सहा जणांची निवड नवी. यावरून जुनी वाद्यं टाकाऊ ठरत नाहीत. नाव कानावर पडलं की कान ऐकायचं सोडतात, एवढं मात्र ठरतं.

व्हायोलिनबद्दल इतकं बोलून झालं आणि गजाचा विषयही निघाला नाही, हे माझ्याच लेखात घडलं. फ्रांस्वा तूर्त नावाचा कारागीर आधी घड्याळजीच्या हाताखाली शिकला, मग अठराव्या शतकाच्या शेवटाकडे पॅरिसमध्ये गज बनवू लागला. गजाची आतल्या बाजूची वाकण, लांबी, वजन, केसांची पट्टी पसरून धरणारी कडी, ब्राझीलहून येणारं पेर्नांबुको लाकूड, हे सगळं त्याच्या हातून पक्कं झालं. लांबच लांब सलग स्वर, किंवा अचानक आघाताने उसळणारा स्वर, हे या गजावर आलं. एकोणिसाव्या शतकातली कुठलीही सिम्फनी ऐका, पन्नाससाठ माणसांच्या उजव्या हातात तूर्तची कल्पना हलत असते. तो आपल्या गजांवर नावाचा ठसा सहसा मारत नसे.

नाव मारूनही उपयोग झाला नाही असा एकजण म्हणजे अदोल्फ साक्स. बेल्जियममधल्या दिनाँ गावी १८१४ मध्ये जन्मला, पॅरिसला आला, बर्लियोझ या संगीतकाराने त्याची तोंड भरून स्तुती केली, १८४६ मध्ये सॅक्सोफोनचं पेटंट मिळालं. प्रतिस्पर्ध्यांनी खटल्यांवर खटले भरले, दिवाळं तीनदा वाजलं. १८५७ मध्ये पॅरिसच्या संगीतशाळेत सॅक्सोफोनचा वर्ग सुरू झाला, शिक्षक तो स्वतः. १८७० मध्ये वर्ग बंद पडला आणि पुन्हा सुरू व्हायला १९४२ साल उजाडलं. लष्करी बँडने हे वाद्य उचललं, पुढे जॅझने डोक्यावर घेतलं, पण वाद्यवृंदात त्याला आजही कायमची खुर्ची नाही. बिझे किंवा राव्हेलची एखादी रचना असली की पाहुणा म्हणून बोलवायचं. आवाजात खोट म्हणून हे झालं का? मला तसं वाटत नाही. वाद्यवृंदाची बैठक साक्सच्या आधीच पक्की झाली होती, आणि जे त्या बैठकीसाठी लिहिलं गेलं तेच वाजत राहिलं, म्हणून तीच बैठक टिकली. संस्थांना स्वतःचा इतिहास नैसर्गिक वाटू लागतो तो असा. चार चौकटींचा तक्ता याच भ्रमाची छापील प्रत आहे.

हे सगळं जुनं झालं, आज काय, असं कुणी विचारेल. आजचा प्रश्न उलट अधिक तातडीचा आहे, कारण आज संगीत कागदावरून पडद्यावर आलं आहे. गाणी ऐकवणाऱ्या बहुतेक ॲपची मांडणी गाण्यांसाठी केलेली: गाण्याचं नाव, अल्बमचं नाव, कलाकाराचं नाव. वाद्यवृंदाची रचना या तीन खणांत कोंबायची म्हणजे ‘कलाकार’ या खणात संगीतकार किंवा संचालक येतो, फार तर वाद्यवृंदाचं नाव. ज्या ओबोवादकाचा एकट्याचा स्वर ऐकून अंगावर काटा येतो, त्याला खण नाही. नाव शोधायला जावं तर सापडत नाही. जुन्या तबकड्यांच्या वेष्टनावर निदान बारीक अक्षरात छापायला जागा होती.

जागा असूनही छापत नसत, हेही खरं. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने स्त्रियांना सदस्यत्व द्यायचं ठरवलं ते १९९७ च्या फेब्रुवारीत. पहिल्या सदस्य झाल्या हार्पवादक आन्ना लेल्केस. पण त्या काही त्या दिवशी हार्प घेऊन पहिल्यांदा दारात उभ्या राहिल्या नव्हत्या. त्याआधी दोन दशकांहून अधिक काळ त्या त्याच वाद्यवृंदात वाजवत होत्या, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव नसायचं. लोकांनी पैसे मोजून त्यांचा हार्प ऐकला, ध्वनिमुद्रणं घेतली, टाळ्या वाजवल्या. कागदावर मात्र ते स्वर कुणाचेच नव्हते.

बेथोव्हेनच्या चरित्रांत नानेटे श्ट्रायशर अशीच भेटते. नोकर शोधून देणारी, घर मार्गी लावून देणारी मायाळू मैत्रीण. हे खरंच आहे, त्याची अशी ढीगभर पत्रं आहेत. पण ती व्हिएन्नातल्या अव्वल पियानो-कारखानदारांपैकी एक होती. वडील आंद्रेआस श्टाइन यांच्याकडून तिने विद्या घेतली, आणि १८०२ पासून कारखान्याच्या पाटीवर तिचंच नाव होतं: ‘नानेटे श्ट्रायशर, माहेरची श्टाइन’. पियानो हा बेथोव्हेनच्या आयुष्याचा मध्य, आणि पियानो घडवणाऱ्या मैत्रिणीची ओळख काय, तर मोलकरीण मिळवून देणारी. हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं, ते आठवडाभर उघडलं नाही.

मग करायचं काय? मला मोठे पुतळे नकोत आणि विस्मृतीत गेलेल्या कारागिरांचा स्मृतिदिनही नको. मागणी कारकुनी स्वरूपाची आहे. कार्यक्रमपत्रिकेत आणि ॲपच्या नोंदीत तीन गोष्टी असाव्यात: रचना मुळात कुणाला समोर ठेवून लिहिली, आज कोण वाजवतंय, आणि कशावर. जुन्या धाटणीच्या वाद्यांवर वाजवणारे अनेक संच हे आजही करतात. ध्वनिमुद्रणासोबतच्या पुस्तिकेत प्रत्येक वादकाच्या नावापुढे त्याचं वाद्य कुणी, कधी बनवलं, आणि मूळ कुठल्या नमुन्यावरून हे दिलेलं असतं. त्याने पुस्तिका एका पानाने वाढते, कुणाचं दिवाळं निघत नाही. नव्वद वादकांची नावं छापली तर कोण वाचणार, असा प्रश्न येतो. शेवटच्या रांगेतल्या व्हिओलाचं नाव त्या संध्याकाळी कदाचित कुणीच वाचणार नाही. पण नोंद त्या संध्याकाळपुरती नसतेच.

आणि शिकवताना तक्ता फाडावा. बासरीचं चित्र दाखवायचं तर सोबत म्युनिकच्या थेओबाल्ड ब्योमला आणा. तो सोनाराचं काम शिकलेला आणि स्वतः नाणावलेला बासरीवादक. १८३१ मध्ये लंडनला त्याने चार्ल्स निकल्सनचा दणदणीत आवाज ऐकला, त्याच्या बासरीची मोठाली भोकं पाहिली आणि परत येऊन आपली बासरी मुळापासून नव्याने आखली. भोकं बोटांना सोयीची पडतील तिथे पाडायची जुनी रीत सोडून स्वरशास्त्र सांगेल तिथे पाडली, आणि बोटं पोचत नाहीत तिथे कळा व कड्या जोडल्या. १८३२ मध्ये एक रचना, १८४७ मध्ये दुसरी, आणि आज वाद्यवृंदात दिसते ती धातूची बासरी मुख्यतः या दुसरीचीच वंशज. मुलांना हे सांगितलं की चित्र हलायला लागतं. त्याला पंधरा मिनिटं जास्त लागतील. बाखच्या मुलांची संख्या पाठ करून घेण्यात जातात ती पंधरा मिनिटं इकडे वळवता येतील.

कारकुनी नोंदीवर एवढा भर का, याचं माझ्याकडचं शेवटचं कारण मोझार्टच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोचं आहे. १७९१, त्याच्या आयुष्याचं शेवटचं वर्ष. रचना आंटोन श्टाडलर या मित्रासाठी. (मोझार्ट गेल्यावर झालेल्या मोजदादीत श्टाडलरकडून येणं असलेले ५०० गुल्डन बुडीत म्हणून लिहिलेले आहेत, म्हणजे मित्र कसा होता तेही कळतं.) श्टाडलरला क्लॅरिनेटच्या खर्जाचं वेड होतं. व्हिएन्नाच्या थेओडोर लोट्झ या कारागिराबरोबर त्याने नेहमीपेक्षा लांब क्लॅरिनेट तयार करवून घेतलं होतं, जे चार स्वर आणखी खाली उतरायचं. मोझार्टने त्या चार स्वरांसाठी लिहिलं. पण हस्तलिखित गहाळ झालं. १८०१ च्या सुमारास प्रकाशकांनी रचना छापली ती नेहमीच्या क्लॅरिनेटला झेपेल अशी करून, खालचे स्वर वर उचलून. १८०२ मध्ये लाइप्झिगच्या एका संगीत नियतकालिकात समीक्षकाने लिहिलंही की मूळ चाल खाली उतरत होती, तीही छापायला हवी होती. कुणी मनावर घेतलं नाही. दीडशे वर्षं जगाने मोझार्टची ही रचना अशा वळणांनी ऐकली जी त्याने लिहिलीच नव्हती. स्वर खाली उतरता उतरता मध्येच उडी मारून वर जात, आणि लोक त्यातही सौंदर्य शोधत.

विसाव्या शतकात अभ्यासकांनी मूळ चाल बरीचशी जुळवून काढली. पण श्टाडलरचं वाद्य नेमकं कसं दिसत होतं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्याचं एकही क्लॅरिनेट शिल्लक नाही. १९९२ मध्ये पामेला पुलिन या अभ्यासक रीगा शहरातल्या एका ग्रंथालयात पोचल्या. तिथे १७९४ सालची, श्टाडलरच्या रीगातल्या मैफलींची पत्रकं होती. त्यांतल्या एकावर कुणीतरी त्याच्या क्लॅरिनेटचं चित्र छापून ठेवलं होतं: खाली वळलेली नळी, आणि टोकाला गोल फुगीर तोंड. त्या चित्रावरून आज कारागीर तसं वाद्य पुन्हा बनवतात आणि ते चार स्वर वाजतात.